लाइन गेली-आली की रिमोट उलटा का चालतो? होम थिएटरच्या युनिव्हर्सल रिमोटची जुळवणी पक्की कशी करायची

तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात सारख्याच शब्दांत ऐकू येते. "रिमोट नवीन होता तेव्हा एक बटण दाबलं की टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, अ‍ॅम्प सगळं चालू व्हायचं. आता तेच बटण दाबलं की टीव्ही चालू होतो अन् अ‍ॅम्प बंद पडतो." मग कोणी सेल बदलतं, कोणी रिमोट रीसेट करून सगळे कोड पुन्हा भरतं. काही दिवस बरे जातात आणि परत तेच सुरू होतं. नागपुरात उन्हाळा लागला की अशा तक्रारी वाढतात. त्याचं मूळ रिमोट खराब होण्यात नसतं. घरातल्या वायरिंगमध्ये आणि 'पॉवर' नावाच्या त्या एका बटणात असतं.

इन्फ्रारेड रिमोट फक्त सांगतो, समोरच्याचं ऐकत नाही. अ‍ॅम्प चालू आहे की बंद, हे त्याला कधीच कळत नाही. त्यात कंपनीच्या मूळ रिमोटवरचं लाल बटण बहुतेक वेळा एकच आज्ञा पाठवतं: आत्ता आहेस त्याच्या उलट हो. याला टॉगल म्हणतात. हाताने एकेक यंत्र चालवताना टॉगलने काही बिघडत नाही, कारण डोळ्यांना दिसतं की टीव्ही चालू झाला. पण युनिव्हर्सल रिमोटमध्ये, म्हणजे सगळी यंत्रं चालवणाऱ्या एकाच रिमोटमध्ये, आपण तीन-चार टॉगल एका बटणाखाली क्रमाने बांधतो, तेव्हा सगळी यंत्रं सुरुवातीला एकाच स्थितीत आहेत असं गृहीत धरलेलं असतं. ते गृहीतक मोडलं की पुढची प्रत्येक दाब चुकीची पडते.

आणि आपल्याकडे ते मोडतं कसं, तर लाइन गेल्यामुळे. घरातले प्लग एकदा नीट बघा. पंखे, दिवे, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स इन्व्हर्टरच्या लाइनवर असतात. अ‍ॅम्प आणि सबवूफर जास्त वॅट खातात म्हणून वायरमनने ते साध्या लाइनवर दिलेले असतात. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. असल्या दिवसांत कूलर-एसीचा सगळा भार डीपीवर येतो आणि भर दुपारी लाइन जाते. टीव्ही चालूच राहतो, अ‍ॅम्प मात्र मरतो. लाइन परत आली की प्रत्येक यंत्र आपापल्या स्वभावाप्रमाणे उठतं. बरेचसे एव्ही रिसीव्हर, म्हणजे इनपुट निवडायची सोय असलेले होम थिएटरचे अ‍ॅम्प, स्टँडबायमध्ये जाऊन बसतात. सेट-टॉप बॉक्सही साध्या लाइनवर असेल तर तो बरेचदा आपोआप सुरू होतो. मागे खटक्याचा स्विच असलेला सबवूफर सरळ चालू होतो. म्हणजे पाच मिनिटं लाइन गेली तरी यंत्रं वेगवेगळ्या स्थितीत सापडतात. यानंतर 'सगळं बंद' दाबलं की चालू असलेली बंद होतात आणि बंद असलेली चालू.

लॉजिटेक कंपनीच्या हार्मनीसारखे काही रिमोट आपल्या मेमरीत नोंद ठेवतात की मी टीव्ही चालू केला, अ‍ॅम्प चालू केला. तिथे गोंधळ जरा वेगळा दिसतो. लाइन गेल्याचं रिमोटला माहीत नसतं, म्हणून 'टीव्ही पाहा' पुन्हा दाबलं तरी तो अ‍ॅम्पला पॉवरची आज्ञाच देत नाही. त्याच्या लेखी अ‍ॅम्प चालूच आहे. घरचे म्हणतात की रिमोट ऐकत नाही, पण तो बिचारा आपल्या नोंदीशी प्रामाणिक असतो.

उपाय पहिला: चालूची आणि बंदची वेगळी आज्ञा

पक्का इलाज हाच आहे, बाकीचे सगळे त्याच्यानंतर. बऱ्याच यंत्रांना 'पॉवर ऑन' आणि 'पॉवर ऑफ' अशा दोन स्वतंत्र आज्ञा समजतात. याला डिस्क्रीट कोड म्हणतात. डिस्क्रीट 'ऑन' कितीही वेळा पाठवा, चालू यंत्र चालूच राहतं आणि बंद असलेलं चालू होतं. मग लाइन गेली काय, कोणी हाताने बटण दाबलं काय, फरक पडत नाही.

मनीषनगरच्या एका काकाजींना हे समजावत होतो तर त्यांनी नेमका प्रश्न विचारला, "पण माझ्या रिमोटवर ऑनचं वेगळं बटणच नाही, मग तू हा कोड आणतोस कुठून?" म्हटलं, "काकाजी, बटण दिलेलं नसलं तरी मशीनला ती आज्ञा समजू शकते. कंपनीने फक्त तुमच्या रिमोटवर छापली नाही." यामाहा, डेनॉन, मरांट्झ यांच्या रिसीव्हरच्या बाबतीत हे हमखास करून बघण्यासारखं आहे.

तुमच्या रिमोटच्या अ‍ॅपमध्ये यंत्राची आज्ञायादी उघडा आणि 'पॉवर टॉगल' सोडून 'पॉवर ऑन', 'पॉवर ऑफ' अशा नोंदी आहेत का ते पाहा. बहुतेकदा त्या यादीत खाली कुठेतरी असतात आणि आपण वरचीच पहिली निवडलेली असते. तिथे नसतील तर मॉडेल नंबरासह 'प्रॉन्टो हेक्स' शोधा. फिलिप्सने १९९८ मध्ये प्रॉन्टो नावाचा रिमोट आणला. त्याची कोड लिहायची पद्धत पुढे सगळीकडे रुळली आणि आजही अनेक प्रोग्रॅमेबल रिमोट ती स्वीकारतात. त्यातले चार-चार अक्षरांचे गट बघून गांगरू नका. दुसरा गट वाहक वारंवारता सांगतो, म्हणजे रिमोटचा इन्फ्रारेड उजेड सेकंदाला किती वेळा लुकलुकतो ते. तिथे ००६डी दिसलं तर सुमारे ३८ किलोहर्ट्झ, ००६७ म्हणजे सुमारे ४०, ००७३ म्हणजे सुमारे ३६. कोड आपल्याच यंत्राच्या जातीचा आहे का, याचा अंदाज एवढ्यावरून येतो. सोनीच्या यंत्राचा म्हणून मिळालेला कोड ००७३ दाखवत असेल तर तो सोडून द्या, कारण सोनीची पद्धत ४० किलोहर्ट्झवर चालते.

डिस्क्रीट कोड मिळालाच नाही तर

स्वस्त साउंडबार आणि बाजारात बांधून मिळणारे असेंबल अ‍ॅम्प यांच्यात असा कोड बहुधा नसतो. तरी वाट निघते. यंत्र स्टँडबायमध्ये ठेवा आणि त्याच्या मूळ रिमोटवरची पॉवर सोडून बाकीची बटणं एकेक दाबून बघा. अनेक यंत्रं इनपुटचं बटण दाबलं की आपोआप चालू होतात. कितीतरी सेट-टॉप बॉक्स चॅनलचा आकडा दाबला की जागे होतात. असं एक बटण सापडलं की तेच तुमचं 'ऑन', कारण चालू यंत्राला ते पुन्हा दिलं तर फार तर इनपुट बदलतो, यंत्र बंद होत नाही.

बंद करायलाही याच बटणाचा उपयोग करा. 'सगळं बंद'च्या क्रमात आधी ते इनपुटचं बटण पाठवा, यंत्र उठायला पुरेसा वेळ द्या आणि मग टॉगल पॉवर पाठवा. यंत्र आधी बंद असलं तर पहिल्या आज्ञेने उठतं आणि दुसरीने झोपतं. आधीच चालू असलं तर पहिलीने फरक पडत नाही आणि दुसरीने झोपतं. शेवट दोन्हीकडे एकच. बंद असलेला अ‍ॅम्प क्षणभर चालू होऊन बंद होताना पाहून घरचे दचकतात, त्यांना आधी सांगून ठेवा.

असं एकही बटण सापडलं नाही तर त्या यंत्राची पॉवर क्रमातून काढा आणि त्याला रिमोटवर वेगळं बटण द्या. अर्धवट भरवशाच्या क्रमापेक्षा एक जादा दाब बरी.

एचडीएमआयची लुडबुड

काही घरांत लाइन न जाताही उलटसुलट होतं. तिथे पहिला संशय एचडीएमआय-सीईसीवर घ्या. या सोयीत टीव्ही आणि अ‍ॅम्प एचडीएमआयच्या वायरमधून एकमेकांना चालू-बंद करतात. सॅमसंगच्या मेनूत तिचं नाव ऐनीनेट प्लस, एलजीच्या सिम्प्लिंक, सोनीच्या ब्राव्हिया सिंक. तुमचा रिमोट टीव्ही चालू करतो, टीव्ही वायरमधून अ‍ॅम्पला उठवतो आणि पाठोपाठ रिमोटची टॉगल पॉवर येऊन त्याच अ‍ॅम्पला झोपवते. हे दर वेळी होत नाही, कारण कोण आधी पोचतं त्यावर सगळं ठरतं. म्हणून हा दोष शोधताना माणसं फार थकतात.

चालू-बंदचा मालक एकच ठेवा. रिमोटच्या क्रमात अ‍ॅम्पला डिस्क्रीट 'ऑन' असेल तर भांडणच मिटतं, दोघांनीही चालू केलं तरी चालतं. टॉगलच असेल तर दोनच मार्ग: क्रमातून अ‍ॅम्पची पॉवर काढून ते काम टीव्हीवर सोपवा, नाहीतर सीईसी बंद करा. पण टीव्हीचा आवाज एआरसीने, म्हणजे त्याच एचडीएमआयच्या वायरीतून उलट, अ‍ॅम्पकडे येत असेल तर सीईसी सरसकट बंद करू नका. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आली आणि बहुतेक टीव्ही-अ‍ॅम्पच्या जोड्यांत ती सीईसीच्याच आधाराने चालते. सीईसी घालवली की आवाजही जातो, आणि मग लोक स्पीकरच्या वायरी तपासत बसतात. अनेक रिसीव्हरमध्ये एआरसी चालू ठेवून फक्त पॉवरची जोडणी बंद करायचा वेगळा पर्याय असतो. एचडीएमआयच्या सेटिंगमध्ये तो शोधा.

तिथेच ऑटो स्टँडबायही बघून घ्या. काही वेळ आवाज आला नाही की रिसीव्हर किंवा साउंडबार वीज वाचवायला स्वतःच झोपतो. गाणं थांबवून जेवायला बसलात, परत येऊन 'बंद' दाबलंत आणि अ‍ॅम्प चालू झाला, तर कारण हेच.

क्रम बरोबर असूनही मधलीच एखादी आज्ञा गळते

इथे बहुधा वेळेचा प्रश्न असतो. टीव्ही चालू होताना काही सेकंद तो कोणाचंच ऐकत नाही, आणि त्या काळात पाठवलेली इनपुटची आज्ञा वाया जाते. वेळ अंदाजाने भरू नका, मोजा. मूळ रिमोटने यंत्र चालू करा आणि लगेच इनपुटचं बटण दाबत राहा. ते पहिल्यांदा मानलं जाईपर्यंत किती सेकंद गेले ते घड्याळात बघा आणि त्यात एक सेकंद वाढवून तेवढा विलंब क्रमात टाका. सगळ्यांत मंद यंत्राला, म्हणजे बहुधा टीव्हीला, सगळ्यांत आधी उठवा. तो जागा होईपर्यंत बाकीच्यांच्या पॉवरच्या आज्ञा उरकतात आणि इनपुटच्या आज्ञा शेवटी जातात. असं केल्याने एकूण वेळही कमी लागतो.

वेळ कमी करणं महत्त्वाचं आहे, कारण दुसरं कारण माणसाच्या सवयीत आहे. सगळा क्रम पुरा व्हायला कित्येक सेकंद लागतात. आई किंवा आजी बटण दाबतात आणि लगेच रिमोट टेबलावर उपडा ठेवतात. बरोबरच आहे, बटण दाबून झालं की काम झालं असंच कोणालाही वाटणार. पण पुढच्या आज्ञा मग टेबलाच्या लाकडात जातात. त्यांना शिकवण्यापेक्षा यंत्रणा सुधारा. हब, म्हणजे यंत्रांजवळ ठेवायचा आज्ञा पाठवणारा डबा, असलेला रिमोट घेतला तर आज्ञा हब पाठवतो आणि रिमोट कुठे ठेवला याने फरक पडत नाही. हबला वायरचे छोटे आयआर (इन्फ्रारेड) एमिटर जोडता येत असतील तर ते अ‍ॅम्पच्या डोळ्यावरच, म्हणजे रिमोटचा संकेत टिपणाऱ्या सेन्सरवर, चिकटवा. गडद प्लास्टिकमागे हा डोळा दिसत नाही, टॉर्च तिरपी मारली की सापडतो. शोकेसच्या काचेला काळी किंवा आरशासारखी फिल्म लावलेली असेल तर एमिटरला पर्यायच नाही.

सोनीच्या यंत्रांची एक खोड इथेच सांगून टाकतो. त्यांची आज्ञा सुमारे ४५ मिलिसेकंदांच्या अंतराने किमान तीनदा जावी लागते. क्रमात ती एकदाच जात असेल तर कधी चालते, कधी नाही. रिमोटच्या सेटिंगमध्ये त्या यंत्रासाठी 'रिपीट' तीनवर ठेवा.

शिकवलेल्या कोडचे दोष

मूळ रिमोट समोर धरून 'लर्न' केलेले कोड वरवर चालतात, पण त्यांचे आजार वेगळे असतात. आवाज वाढवायचं बटण दाबून धरलं तरी एकच पायरी वाढते, किंवा एकदा दाबल्यावर भसाभस चार पायऱ्या वाढतात, हे त्यातलं नेहमीचं. एनईसी नावाची पद्धत खूप यंत्रांत वापरतात. तिच्यात पूर्ण आज्ञा एकदाच जाते आणि बटण धरून ठेवलं की दर ११० मिलिसेकंदांच्या आसपास 'तेच पुन्हा' असा छोटासा संकेत जात राहतो. शिकवताना बटण लांब दाबलं तर हा संकेतही आज्ञेला चिकटून नोंदला जाऊ शकतो. म्हणून शिकवताना बटण हलकेच टिचकी मारल्यासारखं दाबा, दोन्ही रिमोट दोन-तीन बोटांच्या अंतरावर समोरासमोर ठेवा आणि खोलीतला सीएफएल किंवा ट्यूबलाइट बंद करा.

दुसरा आजार जुन्या मरांट्झ, केंब्रिज ऑडिओ, आर्कॅम वापरणाऱ्यांना माहीत असतो, फक्त त्याचं कारण माहीत नसतं. बटण एकदा चालतं, लगेच पुन्हा दाबलं तर चालत नाही. ही यंत्रं फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीची. तिच्यात प्रत्येक नव्या दाबेला एक बिट उलटतो, त्यावरून यंत्राला कळतं की बटण सोडून पुन्हा दाबलं. शिकवलेल्या कोडमध्ये तो बिट गोठून जातो. मग दुसरी दाब आली तरी यंत्राला वाटतं की पहिलंच बटण अजून धरून ठेवलं आहे. इथे कितीही वेळा शिकवलं तरी उपयोग नाही. शिकवलेला कोड पुसा आणि रिमोटच्या तयार डेटाबेसमधलं मॉडेल निवडा. तिथे रिमोट स्वतः बिट उलटत राहतो.

काही रिमोट शिकवताच येत नाहीत. फायर टीव्ही स्टिकचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथने बोलतो, टीव्हीचा आवाज आणि पॉवर तेवढी इन्फ्रारेडने चालवतो. स्टिकला इन्फ्रारेडचा डोळाच नसतो. त्यासाठी ब्लूटूथही असलेला युनिव्हर्सल रिमोट लागतो, आणि खरेदीआधी हे विचारून घ्यायला हवं. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात मिळणारे साधे 'ऑल इन वन' रिमोट निव्वळ इन्फ्रारेडचे असतात.

एकाचं बटण, दुसऱ्याचा प्रतिसाद

अ‍ॅम्पचा आवाज वाढवला आणि पीओपीमधल्या एलईडी पट्टीचा रंग बदलला, असं सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. एनईसीच्या आज्ञेत आधी 'कोणाला' तो पत्ता आणि मग 'काय करायचं' ते असतं. स्वस्त बोर्ड बनवणारे पत्ता बदलायच्या फंदात पडत नाहीत. असेंबल अ‍ॅम्पमधलं यूएसबी-ब्लूटूथचं किट आणि एलईडीचा कंट्रोलर यांच्यात पुष्कळदा शून्य हाच पत्ता सापडतो. रिमोट बदलून हे सुटणार नाही. एलईडीच्या कंट्रोलरचा डोळा काळ्या टेपने झाका आणि तो त्याच्याच रिमोटने चालवायचा असेल तर टेपला बारीक भोक ठेवून रिमोट जवळ नेऊन वापरा. एकाच घरात यामाहाचे दोन रिसीव्हर असतील तर त्यांच्या मेनूत रिमोट आयडी बदलायची सोय बऱ्याच मॉडेलांत असते, तिथे टेपची गरज नाही.

ठरावीक वेळीच बिघडत असेल तर

पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन थेट अ‍ॅम्पच्या तोंडावर येत असेल तर डोळा दिपतो, कारण उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. पडदा ओढून बघा, लगेच समजेल. रात्री दिवे लावल्यावरच पल्ला कमी होत असेल तर तो विशिष्ट दिवा बंद करून बघा.

ब्रॉडलिंकसारखा वाय-फाय हब असेल आणि लाइन आल्यावर काही वेळ काहीच चालत नसेल तर राउटर उठायची वाट बघावी लागते. राउटर आणि हब दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, त्यांना वीज नगण्य लागते. हब जोडताना फोन २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर ठेवा, बरेच हब ५ गिगाहर्ट्झवर जोडलेच जात नाहीत.

सेलचा संशय शेवटी घ्या, पण तपासा जरूर. फोनचा सेल्फी कॅमेरा रिमोटच्या टोकासमोर धरून बटण दाबलं की बहुतेक फोनांत जांभळट उजेड लुकलुकताना दिसतो. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, काही रिमोट त्यांच्यावर लवकर अशक्त होतात. उन्हाळ्यात गावाला जाताना रिमोटमधले सेल काढून ठेवा. उष्णतेने जुने सेल पाझरतात आणि स्प्रिंग गंजवतात.

जुळवणी झाली की परीक्षा घ्या

सगळं चालू झालं म्हणून थांबू नका, लाइन गेल्याचं नाटक करून बघा. सगळं चालू असताना फक्त अ‍ॅम्पचा प्लग काढा, थोडं थांबून लावा आणि 'सगळं बंद' दाबा. मग फक्त सेट-टॉप बॉक्सचा प्लग काढून तेच करा. नंतर टीव्ही त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करून 'टीव्ही पाहा' दाबा. तिन्ही वेळा शेवट बरोबर आला तर जुळवणी खरी. एकात जरी चुकली तरी कोणत्या यंत्राला अजून टॉगल जातो आहे ते तिथल्या तिथे कळतं.

आणि जे कोड व विलंब जमले ते वहीत लिहून ठेवा, विशेषतः हार्मनी वापरत असाल तर. लॉजिटेकने हे रिमोट बनवणं एप्रिल २०२१ मध्ये थांबवल्याचं जाहीर केलं. आहेत त्यांचं सेटिंग करायला कंपनीच्या सर्व्हरवरचं खातं लागतं. यंत्रांचे मॉडेल नंबर, कोणत्या यंत्राला डिस्क्रीट कोड चालला, कोणाला इनपुटची युक्ती लागली आणि प्रत्येकाचा विलंब, एवढं एका पानावर मावतं. पुढचा रिमोट कोणत्याही कंपनीचा आणला तरी ते पान बघून जुळवणी पुन्हा बसवता येते.